जरा तापू दे!

‘व्हॅक्यूम ट्यूब’ या विषयावर आपल्या पुस्तकात किती ओळी आहेत? मी मोजल्या. अडीच! पूर्वी ट्यूब्ज असत, त्या मोठ्या असत, तापत असत आणि लवकर जात असत, म्हणून ट्रान्झिस्टर आला. संपलं. ओरलला एखाद्या एक्स्टर्नलने विचारलंच तर आपण हीच अडीच ओळींची पोपटपंची करतो आणि त्यांचंही समाधान होतं.

त्यामुळे मराठी विभागासाठी मी हा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. “कविता नाही का देत?” असंही विचारून झालं. कविता नाही देत. माझं मराठी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेलं आहे. घरी बोलायचं मराठी आणि शाळेत लिहायचं इंग्लिश, त्यामुळे ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत माझी अजूनही दांडी उडते. म्हणून या लेखात सगळे आकडे आकड्यांतच लिहिले आहेत, चालवून घ्या.

तर, आपल्या बेसिक लॅबच्या मागे एक खोली होती. म्हणजे खोली अजून आहे, पण तिथे आता कॉम्प्युटर्स मांडले आहेत. ऑगस्ट २०२४ पर्यंत तिथे दोन लोखंडी कपाटं आणि त्यांत, त्यांच्यावर, त्यांच्या मागे असा सगळीकडे ‘डेड स्टॉक’ होता. हा शब्द मला फार आवडतो. कॉलेजच्या रजिस्टरात टेबल, पंखा, सीआरओ, सगळं पहिल्या दिवसापासून डेड स्टॉक. नवी कोरी वस्तू गेटमधून आत आली रे आली की तिची नोंद मृत म्हणून! मग ती खरोखर मेली की तिचं ‘निर्लेखन’ होतं. हा दुसरा शब्द मी त्याच महिन्यात शिकले. सरकारी मराठीत राइट-ऑफला निर्लेखन म्हणतात.

यादी नोटीस बोर्डावर लागली. तिच्यात व्हॉल्व्हची सात यंत्रं होती: दोन सीआरओ, एक सिग्नल जनरेटर, दोन पॉवर सप्लाय, एक व्हीटीव्हीएम म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटर, आणि एक ऑडिओ ऑसिलेटर. टेम्पो येणार गणपतीच्या सुट्टीनंतर, २० सप्टेंबरला.

लॅबमधले मामा (सगळ्या बॅचेसचे मामा तेच) ती यादी वाचत उभे होते. ३१ वर्षं नोकरी, रिटायरमेंट मे २०२५ मध्ये. त्यांनी एकाच नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्याला काय झालंय? हा पावसाळ्यात रुसतो, एवढंच.”

मला वाटलं, म्हातारी माणसं बोलतात तसं काहीतरी. पण ऑसिलेटर म्हटल्यावर मी थांबले, कारण सेकंड इयरला ७४१ वर वीन ब्रिज ऑसिलेटर करताना आमच्या अख्ख्या बॅचने जे भोगलंय ते आठवलं. वीन ब्रिजला गेन बरोब्बर ३ लागतो. २.९९ झाला तर कंपनं हळूहळू विझतात. ३.०१ झाला तर वाढत वाढत सप्लायला डोकं आपटतात आणि साइन वेव्हचं डोकं सपाट होतं. पॉट फिरवून फिरवून सगळ्यांची बोटं दुखली होती. शेवटी उलटसुलट दोन डायोड टाकून एकदाचं जर्नल सही करून घेतलं.

“मग यात गेन ३ वर कोण धरून ठेवतं?” मी मामांना विचारलं.

“बल्ब,” मामा म्हणाले.

मला चेष्टा वाटली. त्यांनी मागचं झाकण काढून दाखवलं. खरंच, चॅसिसच्या कोपऱ्यात देवापुढे लावतात तसा एक छोटासा बल्ब!

ही करामत अमेरिकेतल्या बिल ह्यूलेट या विद्यार्थ्याची. स्टॅनफर्डच्या १९३९ च्या प्रबंधात त्याने ती मांडली. फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने ती फिलामेंट फीडबॅकमध्ये बसवली. कंपनं वाढली की बल्ब तापतो, रेझिस्टन्स वाढतो, गेन आपोआप खाली येतो. कंपनं कमी झाली की बल्ब निवतो, गेन वर जातो. पॉट नाही, डायोड नाही, कुणी राखण करायची गरज नाही. गंमत म्हणजे तो बल्ब लागलेला दिसतही नाही, इतका कमी करंट त्यातून जातो. त्याच वर्षी ह्यूलेट आणि त्याचा मित्र डेव्ह पॅकार्ड यांनी पालो आल्टोच्या एका गॅरेजमध्ये ५३८ डॉलर भांडवलावर कंपनी काढली. त्यांचं पहिलं उत्पादन हाच ऑसिलेटर. मॉडेल नंबर २००ए. पहिल्याच वस्तूला २०० नंबर कशाला? तर गिऱ्हाइकाला वाटावं की कंपनी जुनी आहे! किंमत ५४ डॉलर ४० सेंट. त्याच्या पुढच्या मॉडेलचे, २००बीचे, ८ नग डिस्नेने ‘फँटेसिया’ या १९४० च्या चित्रपटाच्या ध्वनीसाठी घेतले. एवढ्याशा बल्बवर केवढी कंपनी उभी राहिली बघा!

आमचा ऑसिलेटर त्यांचा नव्हे. कुणाचा, तेही सांगता येत नाही, कारण नावाची पट्टी कधीच पडून गेली होती आणि तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं उरली होती. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, तीन रेंज, मोठी गोल डायल, दोन हातांनी उचलावा असा. मी एचओडी सरांकडे गेले. सर म्हणाले, “चालू करून दाखव, यादीतून नाव काढतो. नाही चालला तर टेम्पो.” आणि वर एक अट: मामा समोर असल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

ही अट का, ते पहिल्या दिवशी कळलं. आपण ५ व्होल्टवर वाढलेली पिढी. ब्रेडबोर्डवर कुठेही बोट लावा, फार तर आयसी गरम लागेल. या यंत्रात ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते बसून राहतात. (मामा कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणतात. आता मीही म्हणते.) म्हणून आधी १० किलोओहमचा जाड रेझिस्टर दोन क्लिपांनी लावून तो रिकामा करायचा, मग मीटर लावून खात्री करायची, मगच हात. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणाऱ्यांबद्दल मामांचं मत इथे छापण्यासारखं नाही. बांगडी, अंगठी, घड्याळ उतरवायचं. पायाखाली रबरी मॅट. आणि चालू यंत्रात मोजताना एकच हात आत, दुसरा खिशात, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जायला नको.

“मामा, माझ्या कुर्त्याला खिसाच नाही.”

“मग पाठीमागे धर. शाळेत धरायचात ना बाई ओरडल्यावर, तसा.”

आतमध्ये पाच व्हॉल्व्ह होते. ईएफ८०, ईसीसी८१, दोन ईएल८४ आणि ईझेड८१. मला ही नावं म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेट वाटल्या होत्या. पण ती चक्क वाचता येतात. पहिलं अक्षर हीटरचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढचं अक्षर आत काय आहे ते सांगतं: सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. एफ म्हणजे लहान सिग्नलचा पेंटोड, एल म्हणजे पॉवर पेंटोड, झेड म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायर. आणि ८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे खाली नऊ पिनांचा छोटा बेस. युरोपातली पद्धत ही. अमेरिकेत ईसीसी८३ लाच १२एएक्स७ म्हणतात, जो आजही गिटारवाल्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असतो. आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवले. आमच्या ईझेड८१ वर ‘बीईएल’ ही अक्षरं अजून वाचता येत होती. घासू नको म्हणून मामा दोनदा बजावून गेले. काचेवरची ती छपाई बोटाने पुसली जाते, आणि नंबर गेला की व्हॉल्व्ह अनाथ होतो.

मला वाटलं होतं, प्लग लावू आणि बघू. मामांनी आधी पाचही व्हॉल्व्ह काढून एका रुमालावर ओळीने ठेवले. मेन्सची जुनी वायर कडक होऊन तडकली होती, ती कापून अर्थसकट तीन पिनांची नवी घातली. मग सिरीज बोर्ड आणला. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, यंत्राच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. असा बल्ब गावात शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली, आणि तिसऱ्या दुकानदाराने “कोंबड्यांसाठी पाहिजे का?” असं विचारलं.

मी तो गार बल्ब मल्टिमीटरवर मोजला. ६५ ओहम. लागल्यावर हिशोबाने ८८० ओहमच्या आसपास. म्हणजे यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि स्वतःच करंट अडवतो. नसेल तर गार राहून रस्ता देतो. आणि तेव्हा मला एकदम जाणवलं की हे तर ह्यूलेटचंच! आतला बल्ब आणि बाहेरचा बल्ब, दोघं एकच काम करतायत. हे मी मामांना उत्साहाने सांगितलं. मामा म्हणाले, “हां, मग? बल्ब तो बल्बच.”

बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला. ट्रान्सफॉर्मर ठीक.

आता फिल्टरचे कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच इन्सुलेशनचं काम करतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की हा थर विरतो, आणि अशावर एकदम ३०० व्होल्ट घातले तर तो तापून फुटू शकतो. थर हळूहळू पुन्हा जमवता येतो, त्याला रिफॉर्मिंग म्हणतात. बरेच जण सांगतात, डिमरस्टॅटने मेन्स हळूहळू वाढवा, झालं. मी तेच सुचवलं. मामांनी ईझेड८१ कडे बोट दाखवलं. रेक्टिफायरच व्हॉल्व्हचा आहे! त्याचा हीटर नीट तापेपर्यंत तो काही सोडणार नाही, आणि तापला की बऱ्यापैकी व्होल्टेज एकदमच येणार. हळूहळू कुठलं?

म्हणून आम्ही लॅबचा ०-३०० व्होल्टचा सप्लाय घेतला आणि प्रत्येक कंडेन्सरला ४७ किलोओहम रेझिस्टरमधून तो लावला. रेझिस्टरवर ४७ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँप गळती, इतकं सोपं गणित. ५० व्होल्टवर सुरुवात, आकडा उतरला की आणखी ५०. तीनपैकी दोन कंडेन्सर दोन संध्याकाळी खर्च करून ठिकाणावर आले. तिसऱ्याची गळती १ मिलिअँपच्या खाली उतरेचना. त्याच्या जागी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा नवा घातला. जुना टॉर्चच्या जाड सेलएवढा, नवा माझ्या अंगठ्याएवढा.

‘गळती’ हा शब्द मी वर सहज लिहिला, पण मी तो मामांकडूनच उचलला आहे. आम्ही लीकेज करंट म्हणतो, फॉर्म्युल्यात टाकतो आणि पुढे जातो. मामा म्हणाले “हा कंडेन्सर गळका आहे”, आणि मला आमच्या होस्टेलचा दुसरा मजला दिसला, बादल्यांसकट. त्यानंतर मला कुणी लीकेज समजावून सांगावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह परत बसवले, सिरीज बल्ब काढला, आणि मी आउटपुटला सीआरओ लावून बघत बसले. काहीच नाही. एक मिनिट होत आलं. मी मामांकडे पाहिलं.

“जरा तापू दे!”

हळूहळू पाचही काचांत नारिंगी उजेड आला. आणि मग सीआरओच्या सरळ रेषेला पोट आलं, ती वाढली, दोनदा वरखाली हेलकावली आणि स्थिर झाली. १ किलोहर्ट्झ. एक अत्यंत देखणी साइन वेव्ह. माझी मेकॅनिकलची रूममेट टॉर्च धरायला आली होती, ती पण “आई गं!” म्हणाली.

साइन वेव्ह पंधरा मिनिटं देखणी राहिली. मग तिचा एक माथा चेपायला लागला. मामांनी काही न बोलता खोलीतला दिवा घालवला. शेवटच्या ईएल८४ च्या आत, हीटरच्या नारिंगी उजेडाच्या बाहेर, ॲनोडच्या राखाडी पत्र्यावर एक मंद लाल डाग होता. पत्रा तापून लाल होत होता! लगेच बंद केलं.

ईएल८४ चा ॲनोड १२ वॅट सोसतो. लाल झाला म्हणजे करंट जास्त जातोय. का? रूममेटने शांतपणे विचारलं, “नवी ट्यूब नाही का मिळत?” मिळते. पण मामांचा नियम असा की व्हॉल्व्हवर आळ शेवटी घ्यायचा. एकच हात आत घालून मी मोजलं. कॅथोडवर ७ व्होल्टच्या आसपास हवेत, तिथे ११. आणि ग्रिडवर, जिथे शून्य हवं तिथे, अधिक ६ व्होल्ट.

इथे जरा थांबून एक सांगते. जुन्या लॅब्जमध्ये सगळीकडे ॲव्होमीटर असायचा. १९२३ ला इंग्लंडमध्ये आला आणि २००८ पर्यंत बनत होता. त्याचं मॉडेल ८ म्हणजे दणकट, भरवशाचं, २०,००० ओहम प्रति व्होल्ट. पण १० व्होल्टच्या रेंजवर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स २ लाख ओहमच होतो, आणि आमच्या ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम. ॲव्हो लावला असता तर ६ च्या जागी २ सुद्धा धड दिसले नसते. मीटर लावला की दुखणंच लपतं. व्हीटीव्हीएमचा जन्म यासाठीच झाला, त्याचा रेझिस्टन्स बहुधा ११ मेगओहम असतो. आपले साधे डिजिटल मल्टिमीटर आज बिनबोभाट १० मेगओहम देतात, आणि आपण कधी त्याचे आभारही मानत नाही.

असो. ग्रिडवर ६ व्होल्ट कुठून आले? दोनच वाटा. एक तर आधीच्या स्टेजच्या ॲनोडवरचे १५० व्होल्ट मधल्या कपलिंग कंडेन्सरमधून पाझरतायत, किंवा व्हॉल्व्हच आतून बिघडलाय आणि ग्रिडमधून उलटा करंट बाहेर येतोय. दोघांचा परिणाम मीटरवर अगदी सारखा दिसतो. आता चोर ओळखायचा कसा?

मामांनी मला सांगितलं नाही. टेबलावर बोटं वाजवत चहा पीत बसले. मी दहा मिनिटं सर्किटकडे बघत होते, आणि मग सुचलं: एका संशयिताला खोलीबाहेर काढायचं! बंद केलं, कंडेन्सर रिकामे केले, ईएल८४ गार होऊ दिला, फडक्याने धरून उपटला, पुन्हा चालू केलं. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नाही, तरी ग्रिडच्या पिनवर व्होल्टेज? ६.४. व्हॉल्व्ह निर्दोष! (६ चे ६.४ का झाले? एवढा करंट खाणारा बाहेर गेल्यामुळे सप्लाय थोडा चढला म्हणून.) मामांनी कप खाली ठेवला आणि “हं” म्हणाले. आजवर मिळालेल्या सगळ्या डिस्टिंक्शनपेक्षा मला तो “हं” मोठा वाटला.

हिशोब केला. ६ व्होल्ट भागिले ४७० किलोओहम म्हणजे साधारण १३ मायक्रोअँप. उरलेल्या १४४ व्होल्टला तेवढाच करंट, म्हणजे गळतीचा रेझिस्टन्स ११ मेगओहमच्या थोडा वर. बस, एवढीच गळती! कंडेन्सर सोडवून आपल्या एलसीआर मीटरवर ठेवला तर ०.११ मायक्रोफॅरड. पेपरात पूर्ण मार्क मिळतील असा. कारण तो मीटर जेमतेम १ व्होल्टवर तपासतो, आणि या मेण-कागदाच्या कंडेन्सरची लबाडी दीडशे व्होल्टवरच बाहेर पडते. नवा ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर घातला. ग्रिड शून्य, कॅथोड ७.२. दिवा घालवून अर्धा तास अंधारात बसलो. लाल डाग नाही.

मग गणपती आले. मेस बंद, होस्टेल रिकामं. मी घरी आरतीला दीड दिवस जाऊन परत आले, कारण अजून एक भानगड बाकी होती. वरच्या दोन रेंज ठणठणीत, पण सगळ्यात खालची, २० ते २०० हर्ट्झची रेंज मुकी. बाहेर धो धो पाऊस. आणि मामा पुन्हा तेच म्हणाले, “सांगितलं ना, पावसाळ्यात रुसतो. मे महिन्यात ये, बघ कसा चालतो.”

टेम्पो मे महिन्यात येणार नव्हता.

या वेळी मी मामांचं बोलणं म्हातारपणाच्या खात्यात न टाकता वहीत लिहिलं आणि त्याखाली गणित मांडलं. डायलच्या मागे हवेचा गँग कंडेन्सर आहे, जुन्या रेडिओत असतो तसा. पूर्ण मिटला की ५०० पिकोफॅरड. २० हर्ट्झला त्याच्या जोडीचा रेझिस्टर किती हवा? १५.९ मेगओहम! म्हणजे या रेंजवर यंत्र इतक्या बारीक करंटवर जगतंय की रेंज स्विचच्या चकतीवर जमलेली धूळ, तिच्यावर बसलेली ऑगस्टची दमट हवा, हेच एक रेझिस्टर होऊन बसतं. वरच्या रेंजमध्ये रेझिस्टर १.५९ मेगओहम आणि त्याहून कमी, तिथे या गळतीला कोण विचारतो? मामांनी ही गोष्ट गणिताशिवाय ३१ पावसाळे बघून ओळखली होती. त्या कपाटात ते जून ते ऑक्टोबर ४० वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, तो याचसाठी. मधे कधीतरी वीज वाचवायचं परिपत्रक आलं आणि तो बल्ब निघाला. ऑसिलेटर ‘बंद’ म्हणून रजिस्टरात लागला तो त्यानंतरच.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आणि सबंध एक दुपार. चकतीची प्रत्येक फट, गँगच्या सिरॅमिक पट्ट्या. कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. मग झाकण लावून आत बल्ब ठेवून रात्रभर वाळवलं. सकाळी रेंज बोलली. डायल ५० वर आणि काउंटरवर ४६, हा फरक राहिला. दोन १५.९ मेगओहमपैकी एक वयोमानाने १९ झाला होता. कार्बनचे जुने रेझिस्टर असे चढतातच. १० मेग, ५.६ मेग आणि ३३० के सिरीजमध्ये लावून ते काम अर्ध्या तासात संपलं.

१९ सप्टेंबरला सर आले. लिसाजूचा प्रयोग सगळ्यांनी केलाय, सांगायला नको. एका बाजूला ट्रान्सफॉर्मरमधून मेन्सचे ५० हर्ट्झ, दुसऱ्या बाजूला आमचा ऑसिलेटर. सीआरओवर वर्तुळ आलं आणि अगदी सावकाश कलंडत, रेघ होत, पुन्हा उघडत राहिलं. “सरकतंय,” सर म्हणाले. “मेन्स सरकतंय सर,” मामा म्हणाले. खरं तर दोघंही थोडे थोडे सरकत असणार, पण मी मधे पडले नाही. सरांनी डायल स्वतः २० पासून २०० पर्यंत फिरवली. प्रत्येक वेळी वेव्ह जरा हेलकावायची आणि बल्ब तिला जागेवर आणायचा. सरांनी हे चारपाच वेळा केलं. मग लाल पेनने यादीतली ओळ खोडून सही केली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. बाकीची सहा यंत्रं काट्यावर चढली. त्यातला एक सीआरओ चालण्यासारखा होता, असं मला अजून वाटतं, पण त्याला आणखी दोन महिने लागले असते. सरांच्या परवानगीने मामांनी आदल्या रात्री सगळ्यांतले व्हॉल्व्ह काढून घेतले होते. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नंबर लिहून, बुटाच्या खोक्यात भरले. टेम्पो गेल्यावर ते चहाला गेले नाहीत.

३१ मे २०२५ ला मामा रिटायर झाले. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भाषणं झाली, त्यांत व्हॉल्व्हचा विषय निघाला नाही. त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. जाताना त्यांनी मला सिरीज बोर्ड दिला आणि म्हणाले, “साठ वॅटचा बल्ब जपून ठेव, पुढे मिळणार नाही.”

मी फायनल इयरला आहे. पुढच्या पावसाळ्यात इथे नसेन. ऑसिलेटर आता मुख्य लॅबच्या काचेच्या कपाटात आहे. आतल्या ४० वॅटच्या बल्बचं बटण डाव्या बाजूला, वरून दुसरं. जून ते ऑक्टोबर ते चालू पाहिजे, आणि त्यासाठी सरांची लेखी परवानगी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे, कुणी विचारलं तर दाखवा. आठवड्यातून एकदा यंत्र तासभर चालू ठेवायचं. स्पेअर व्हॉल्व्ह खालच्या खणात, बुटाच्या खोक्यात. सर्किट मी वहीत काढून ठेवलंय, प्रत्येक पिनवरच्या व्होल्टेजसकट. सेकंड इयरच्या कुणाला शिकायचं असेल तर लेडीज होस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवा. शनिवारी दुपारी मी लॅबमध्ये असते. खिसा असलेला ड्रेस घालून या.